मेणाचे नाक, छापील कान

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता. सूनबाई कढईपाशी, नात सोऱ्यापाशी, आणि चकलीच्या कलेतले काही कळत नसले तरी मोडलेली चकली कुणाच्या वाट्याला येते हे पक्के ठाऊक असलेला मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. नात त्या वर्षी बारावीला होती. सोऱ्याची मूठ पिरगाळता पिरगाळता ती एकदम म्हणाली, "आजोबा, मला पुढे हेच करायचं आहे."

"चकल्या?" मी विचारले.

"नाही हो. अवयव. माणसाचे अवयव छापायचे आहेत."

सूनबाईंच्या हातातला झारा तिथेच थांबला. बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलेले आमचे चिरंजीव आत आले. त्यांच्या मनात मुलीने संगणकाची पदवी घ्यावी, चार वर्षांत नोकरीला लागावे, असा सरळ हिशेब होता. "हे अवयवबिवयव छापून पोट भरतं का?" त्यांनी विचारले. नातीने तोंडातून अक्षर काढले नाही, पण सोऱ्यावरचा जोर वाढला आणि पुढची चकली जाडजूड पडली. शेवटी चिरंजीव माझ्याकडे वळले. "बाबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. तुम्हीच सांगा हिला, असल्या धंद्यात कुणाचं कधी भलं झालंय का ते."

मी भाऊबीजेपर्यंत मुदत मागून घेतली. खरे म्हणजे मला थोडे आधीच ठाऊक होते. त्याचे कारण पुढे येईलच. त्या चार-पाच दिवसांत जे जमविले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रारंभ लांब परदेशात शोधावा लागत नाही. तो आपल्या पुण्याजवळच सापडतो. टिपू सुलतानाशी १७९२ साली संपलेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर एक मराठा शेतकरी बैल हाकण्याच्या कामावर होता. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहून ठेवले आहे. तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस पदवीधर वैद्य नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीतला होता. पुढच्या पुष्कळ लेखकांनी त्याला कुंभारच म्हटले आहे.

मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. तिचे वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. ते वाचताना मौज वाटते. त्या कारागिराने आधी मेणाची पातळ पट्टी घेऊन ती तुटक्या नाकावर बसविली आणि तिला सुबक नाकाचा आकार दिला. मग ती उलगडून सपाट केली, कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ मारली. तेवढी कातडी कपाळावरून सोडविली. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त वाहते राहावे. कातडी पिळून खाली आणून नाकाच्या जागी बसविली. वरून काथ पाण्यात कालवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, पुढे तुपात भिजविलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाक रुजल्यावर, ती जोडपट्टी कापून टाकली.

काथ, तूप आणि मेण! आपल्या आजीच्या फडताळात मिळाव्या अशाच या तीन वस्तू. पण या कृतीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या आजच्या प्रयोगशाळेतही जशाच्या तशा शिकवाव्या लागतात. एक, अवयव करण्याआधी त्याच माणसाच्या मापाचा नमुना करावयाचा. सुश्रुतसंहितेत याच कामाला झाडाचे पान सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराने मेण घेतले. आज यंत्राने काढलेले शरीराचे चित्र संगणकात ठेवतात. दुसरी, रक्त वाहते राहिले पाहिजे. ती चिंचोळी पट्टी विसरली तर कपाळाची कातडीही जाणार आणि नाकही.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने हा वृत्तांत मनात धरून ठेवला आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक याच रीतीने केले. १८१६ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातल्या नव्या प्लास्टिक सर्जरीचा हा आरंभ. पुण्याच्या कारागिराची विद्या अशी सातासमुद्रांपलीकडे गेली. परंतु त्याला कावसजीचा हात परत देता आला नाही. कपाळावर नाकापुरती जादा कातडी होती, जादा हात कुठून आणावा?

माणसाजवळ जे जादा आहे ते दुसऱ्या जागी लावता येते. जे जादा नाही त्याचे काय करावयाचे? पुढचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

*

आता मी हे आधी का वाचले होते ते सांगतो. आमच्या घरातून हिचे जाणे याच प्रश्नापायी झाले. हिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, डायालिसिसच्या खुर्चीवर. माझे मूत्रपिंड जुळले नाही, वयही आड आले. मृत दात्याच्या यादीत नाव घातले होते. ती यादी पुढे सरकण्याआधी हीच पुढे निघून गेली. त्या चार-चार तासांत मी शेजारी स्टुलावर बसून वाचीत असे. एकदा ही म्हणाली, "हे यंत्र कुणी काढलं हो? त्याचं तरी काही वाचा." तेव्हा मी वाचले आणि हिला मोठ्याने वाचूनही दाखविले.

ते यंत्र काढणाऱ्याचे नाव विलेम कोल्फ. हॉलंडचा डॉक्टर. १९३८ साली ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात त्याच्या हाताखाली एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा मूत्रपिंडे बंद पडून मेला, आणि हे त्याच्या आईला सांगण्याचे काम या तरुण डॉक्टराकडे आले. रक्तातले थोडेसे विष रोज बाहेर काढता आले असते तर हा जगला असता, एवढाच विचार त्याच्या डोक्यात राहिला. मग जर्मनांनी देश व्यापला. कोल्फ कांपेन नावाच्या लहान गावी गेला आणि तिथे लोकांच्या नजरेआड त्याने यंत्र बांधले. सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी फळ्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली. ते पिंप मिठाच्या पाण्याच्या टाकीत फिरत असे. रक्त नळीतून जाई आणि विष पाझरून पाण्यात उतरे. पाणी न गळता फिरणारा सांधा त्याने फोर्ड मोटारीच्या पंपावरून घेतला.

१९४३ च्या मार्चमध्ये पहिला रुग्ण आला. पहिले पंधरा-सोळा रुग्ण एकामागून एक गेले. दुसरा कुणी असता तर त्याने ते पिंप जळणात घातले असते. १९४५ च्या सप्टेंबरात सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्ध अवस्थेत आली. ती यंत्रावरून उठली आणि जगली. नाझींना साथ दिल्याबद्दल ती तुरुंगात होती आणि गावात पुष्कळांना ती मेलेली चालली असती. कोल्फने तो विचार केला नाही. पुढे आपली यंत्रे त्याने लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल येथे तशीच देऊन टाकली आणि पेटंट घेतले नाही.

हे ऐकून ही म्हणाली, "पंधरा गेले तरी त्याने सोडलं नाही म्हणून मी आज इथे बसले आहे." मला त्यावर काही बोलता आले नाही. परंतु डायालिसिस म्हणजे अवयव नव्हे, अवयवाच्या कामाचा एक तुकडा. हिला हवे होते ते मूत्रपिंड.

*

ते करावयाचे कसे, याचा मार्ग डॉक्टरांच्या बाहेरून आला. अमेरिकेत रॉबर्ट लँगर नावाचा रसायन अभियंता १९७४ साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. तेलाचे भाव भडकलेले होते आणि तेल कंपन्या असल्या मुलांना हातोहात उचलीत होत्या. त्याला वीसएक नोकऱ्या सांगून आल्या, त्यांपैकी चार एकट्या एक्सॉनच्या. त्याने त्या साऱ्या सोडल्या आणि बोस्टनच्या बालरुग्णालयात जुडा फोकमन या शस्त्रवैद्याच्या प्रयोगशाळेत, कमी पैशांवर, एकटा अभियंता म्हणून जाऊन बसला. पुढे त्याने संशोधनासाठी पैसे मागणारे पहिले नऊ अर्ज केले ते नऊच्या नऊ नामंजूर झाले. आमचे चिरंजीव त्या वेळी असते तर म्हणाले असते, "मी सांगत नव्हतो?"

याच लँगरने जोसेफ व्हॅकँटी या शस्त्रवैद्याबरोबर एक युक्ती काढली. शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा सच्छिद्र सांगाडा करावयाचा, त्यावर रुग्णाच्याच पेशी पेरावयाच्या आणि त्या वाढल्या की सांगाडा आपोआप नाहीसा व्हावयाचा. आपल्याकडे मांडवाचा आधार देऊन वेल चढवितात तसेच. १९९३ साली त्या दोघांनी या विद्येची मांडणी ‘सायन्स’ या नियतकालिकात केली. बोस्टनलाच अँथनी अटाला या मूत्रविकाराच्या शस्त्रवैद्याने या रीतीने मूत्राशये वाढविली आणि ४ ते १९ वर्षांच्या सात रुग्णांना बसविली. २००६ साली त्याचा अहवाल ‘लँसेट’मध्ये आला तेव्हा जगभर गाजावाजा झाला. ही मूत्राशये छापलेली नव्हती, हाताने पेशी पेरून केलेली होती.

आणि इथे इतिहासकाराने दुसरे पानही उलटले पाहिजे. २०१४ साली याच धर्तीच्या मूत्राशयांच्या पुढच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुलांना अपेक्षित गुण आला नाही, उलट काहींना गंभीर त्रास झाला. वर्तमानपत्रांनी पहिली बातमी जेवढ्या मोठ्या अक्षरांत दिली तेवढ्या अक्षरांत दुसरी दिली नाही. मी ती नातीला मुद्दाम दिली.

*

आता छपाई. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो या संशोधकाच्या हातून तापलेली डाग द्यायची सळई शाईने भरलेल्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने थेंब फेकता येतो हे त्या अपघातातून कळले आणि घराघरांतला शाईफवारा छापयंत्र तिथून निघाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८८ साली, टेक्ससमधील सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट क्लेबी यांनी तसले बाजारी यंत्र घेऊन शाईच्या जागी पेशींना चिकटवून धरणारे प्रथिन भरले आणि त्याची नक्षी छापली. पेशी त्या नक्षीवरच जाऊन बसल्या. फार थोड्यांनी लक्ष दिले.

२००२ च्या सुमारास जपानमधल्या माकोतो नाकामुरा या बालरोगतज्ज्ञाच्या ध्यानात आले की छापयंत्राच्या शाईचा थेंब आणि माणसाची पेशी जवळजवळ एकाच मापाची असते. हृदयाचे विकार घेऊन जन्मलेली मुले तो रोज पाहत होता. त्याने घरगुती वापराचे एप्सन यंत्र विकत आणले. नळी तुंबली तेव्हा त्याने कंपनीच्या ग्राहक कक्षाला फोन करून सांगितले की मला यातून पेशी छापावयाच्या आहेत. पलीकडच्या माणसाने नम्रपणे हात जोडले. पण तो चिकाटीने विचारीत राहिला आणि कंपनीतच त्याला साहाय्य करणारा माणूस भेटला. त्याच सुमारास अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात टॉमस बोलंड जुन्या छापयंत्राच्या शाईच्या डब्या धुऊन त्यांत पेशी भरीत होते. थेंब उडविताना क्षणभर कडक उष्णता लागते; पेशी भाजून मरतील असे वाटावे. पण तो क्षण एवढा लहान असतो की दहांतल्या सुमारे नऊ पेशी जिवंत राहिल्या.

मात्र थेंबांनी उंच रचना होत नाही. तिथे आमचा सोऱ्या उपयोगी पडतो. हल्ली बहुतेक ठिकाणी पेशी मिसळलेला लगदा बारीक नळीतून दाबून, थरावर थर देत, आकार उभा करतात. हा लगदा कोलॅजेनचा, जिलेटिनचा किंवा समुद्रशेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटचा असतो. आता सूनबाईंना विचारा. भाजणी सैल भिजली तर चकलीला काटा येत नाही आणि ती बसते. घट्ट भिजली तर सोऱ्यातून निघत नाही आणि निघाली तरी तुटते. तिथेही हीच तऱ्हा. सैल असेल तर आकार ढासळतो. घट्ट असेल तर दाब वाढवावा लागतो आणि त्या दाबाने पेशी मरतात. चकलीला कढईतले तेल आकार धरून देते, अल्जिनेटला चुन्याचा क्षार.

पुढची अडचण तीच, पुण्याच्या कारागिराने कपाळावरच्या चिंचोळ्या पट्टीने सोडविलेली. पेशीपासून केसाच्या जाडीच्या दुपटीइतक्या अंतरात रक्तवाहिनी नसेल तर ती उपाशी मरते. कातडी पातळ, तिला खालून रक्त मिळते. कान कुर्चेचा, कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून कान आधी जमतो. २०२२ च्या मार्चमध्ये एका वीस वर्षांच्या मुलीला, जन्मतः एक कान खुरटलेला होता तिला, तिच्याच पेशींचा छापील कान बसविला. तिच्या चांगल्या कानाची आरशातली प्रतिमा हा त्याचा नमुना. ही शस्त्रक्रिया करणारे शस्त्रवैद्य सॅन अँटोनियोचे, म्हणजे क्लेबींच्याच गावचे. मूत्रपिंडात मात्र सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येकीला रक्ताचा स्वतःचा झरा. छापील मूत्रपिंड आजवर कुणाही माणसाला बसलेले नाही.

*

भाऊबीजेच्या दुपारी जेवणे झाल्यावर मी हे सारे सांगितले. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे माझंच खरं. अजून काहीच झालेलं नाही."

मी म्हटले, अवयव झालेला नाही. धंदा झाला आहे. मिशिगनमध्ये २०१२ साली श्वासनलिका दर घटकेला मिटणाऱ्या एका तान्ह्या मुलाला त्याच्याच मापाचा, पुढे विरघळून जाणारा छापील आधार बसविला. ते मूल घरी गेले. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या हाडांचे नमुने छापणे, जबड्याचे आणि कवटीचे तुकडे मापाने करणे, औषधे तपासायला यकृताच्या किंवा कातडीच्या पेशींचे तुकडे छापणे, आणि ही सारी उपकरणे कायद्याच्या कसोटीला उतरविणे, ही आजची कामे आहेत. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ साली झाले. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये २०१४ साली ‘बेटिक’ हे केंद्र निघाले. पुणे आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यात भाग घेतला. तिथे डॉक्टर आणि अभियंते एका टेबलाशी बसतात. २०२२ साली हैदराबादच्या तीन संस्थांनी मिळून डोळ्याचे पारदर्शक पटल छापले आणि सशाच्या डोळ्यात बसविले.

आणि घरचेच उदाहरण हवे तर तिरुवनंतपुरमचे घ्या. डॉ. वलियाथन यांनी श्री चित्रा संस्थेत हृदयाची झडप देशात करावयाची ठरविले, कारण परदेशी झडप गरिबाला परवडत नव्हती. एका नमुन्यात चकती फुगली, एकात सांगाडा झिजला, एकात कृत्रिम नीलमाची चकती फुटली. चौथ्या नमुन्यात साधी पण चिवट प्लास्टिकची चकती टिकली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप पहिल्या रुग्णाला बसली आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना. सुरुवातीपासून पहिल्या रुग्णापर्यंत दशकाहून अधिक काळ गेला. त्या काळात त्यांचा पगार थांबला नव्हता. शस्त्रवैद्य म्हणून त्यांच्या हाताला काम होते.

एवढे सांगून मी नातीकडे वळलो. "आता तुझ्यासाठी. या यादीतला एकही माणूस या विषयाची पदवी घेऊन आलेला नाही. विटा पाडणारा, बालरोगतज्ज्ञ, रसायन अभियंता. प्रत्येकाला एक विद्या पक्की येत होती आणि दुसऱ्याच्या दाराशी जाऊन बसण्याची लाज वाटत नव्हती. तू एक विद्या पक्की कर, मग तो सोऱ्या हातात घे. आणि दहा वर्षांत मूत्रपिंड छापीन असे कुणालाही, विशेषतः रुग्णाला, सांगू नकोस. तुझी आजी असल्या बातम्यांची कात्रणे उशीखाली ठेवीत असे."

हे शेवटचे मी बोलणार नव्हतो. ते निघून गेले. चिरंजीव उठून गॅलरीत गेले. पुष्कळ वेळाने परत आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "फी किती असते या कोर्सची?"

यंदा नात जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. चिरंजीव अजून अधूनमधून संगणकाच्या नोकऱ्यांच्या जाहिराती तिला पाठवितात आणि तीही त्या वाचते. संगणक तिथेही लागतोच. काल ती सुटीला घरी आली, सोऱ्या मांडीशी घेतला आणि भाजणी बोटाने दाबून पाहून म्हणाली, "आई, अजून चमचाभर पाणी." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "आजोबा, क्रूसो आणि फिंडले यांची नावं सांगितलीत. त्या पुण्याच्या कारागिराचं नाव काय होतं?"

मी सांगितले, त्या इंग्रजी वृत्तांतात शस्त्रक्रिया पाहणाऱ्यांची नावे आहेत, करणाऱ्याचे नाही.

तिने मान हलविली आणि चकली पाडायला घेतली.